फुरसतीचा हिशेब

लोणावळ्यात जून उजाडला की दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक पाऊस आणि दुसरी चौकशी. पाऊस सप्टेंबरअखेर आवरता घेतो, चौकशी मात्र सुरूच राहते. बारावी झालेल्या मुलाला किंवा मुलीला गल्लीतला जो तो विचारतो, "मग, आता पुढे काय?" ज्याचा प्रवेश झालेला असतो तो कॉलेजचे नाव सांगून मोकळा होतो. ज्याचा झालेला नसतो तो मान खाली घालतो आणि त्याच्या वतीने घरातले कोणीतरी उत्तर देते, "सध्या रिकामाच आहे."

या 'रिकामा' शब्दाविषयी मला थोडे बोलायचे आहे. तीसेक वर्षे मुलांना मराठी शिकवले, पण या शब्दाचा अर्थ मला निवृत्त झाल्यावर कळू लागला.

शाळा आणि कॉलेज यांच्यामध्ये काही महिन्यांची मोकळी जागा पडणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. पुढे प्रवेशपरीक्षांचे निकाल, प्रवेशाच्या फेऱ्या, कागदपत्रांची तपासणी असे करत करत अर्धा पावसाळा निघून जातो. २०२० साली कोरोनामुळे तर पहिल्या वर्षाचे वर्ग नोव्हेंबरपासून भरवावेत असे वेळापत्रक विद्यापीठ अनुदान आयोगाला काढावे लागले होते. एक आख्खी पिढी त्या वर्षी पाच-सहा महिने उंबरठ्यावर बसून राहिली. २०२४ च्या जून महिन्यात याच आयोगाने विद्यापीठांना वर्षातून दोनदा प्रवेश देण्याची मुभा दिली. म्हणजे जुलैची गाडी चुकली तर जानेवारीची पकडावी, अशी सोय निदान काही ठिकाणी झाली. प्रवेश घेताना मधल्या काळाचे शपथपत्र मागतात, त्याला मुले 'गॅप सर्टिफिकेट' म्हणतात. या काळात मी दुसरीकडे कोठेही प्रवेश घेतलेला नाही, असे त्यात लिहून द्यावे लागते. तुम्ही काय केले नाही एवढेच त्या कागदाला हवे असते. काय केले, ते कोणी विचारत नाही.

माझ्या शेजारी चिक्कीच्या भट्टीवर काम करणारा एक गृहस्थ राहतो. भल्या पहाटेपासून गुळाच्या पाकापुढे उभे राहणारा, कष्टाळू माणूस. त्याची मुलगी २०२४ साली बारावी झाली. गुण चांगले होते, पुण्यात जाऊन वाणिज्य शाखेची पदवी घ्यायची तिची तयारी होती. अडले ते नावाने. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शेख', आधार कार्डावर 'शैख', आणि वडिलांच्या जुन्या दाखल्यावर आडनावच नाही, नुसती बापलेकांची दोन नावे. आपल्यातल्या किती घरांत ही गत आहे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. कागद दुरुस्त होईपर्यंत प्रवेशाची मुदत टळून गेली. जानेवारीत प्रवेश देणाऱ्या एका विद्यापीठात नाव घालायचे ठरले. मधले सहा महिने मोकळे.

आठच दिवसांनी मुलीचे वडील माझ्याकडे आले. दारातच उभे राहून म्हणाले, "सर, पोरगी रिकामी बसलीय. खडकीकडनं एक स्थळ आलंय. मुलगा चांगलाय, स्वतःची गाडी चालवतो. कॉलेज काय, नंतरही होतं."

मी त्यांना आत बोलावले, चहा दिला. पण उत्तर लगेच देता आले नाही. त्यांच्या त्या 'नंतरही होतं' या शब्दांनी मला एक जुना चेहरा आठवला.

१९९६ सालची गोष्ट. माझ्या वर्गातला एक मुलगा दहावीला गणितात गेला. तेव्हा नापास मुलांची परीक्षा ऑक्टोबरात होत असे. (दहावीची फेरपरीक्षा जुलैत घेण्याची पद्धत २०१५ साली सुरू झाली आणि हजारो मुलांचे वर्ष वाचू लागले, ते फार नंतर.) म्हणजे त्या मुलाच्या हातात जूनपासून चार महिने होते. तो भुशी धरणाच्या वाटेवर नात्यातल्या एकाच्या गाडीवर भजी तळायला आणि मक्याची कणसे भाजायला उभा राहिला. पावसाळ्यातले शनिवार-रविवार म्हणजे लोणावळ्याची सुगी. चार पैसे हातात आले. आईच्या औषधाचा खर्च भागू लागला. ऑक्टोबरचा फॉर्म त्याने भरला होता, पण परीक्षेला तो आला नाही. "मधे कुठं सोडू, सर? दिवाळीची गर्दी यायचीय," असे त्याने रस्त्यात भेटल्यावर सांगितले. मी 'बरं' म्हणालो आणि पुढे गेलो. त्याच्या घरी गेलो नाही.

आता त्याची स्वतःची गाडी आहे, हाताखाली दोन माणसे आहेत. त्याचे काही वाईट झाले असे मी म्हणणार नाही. कष्टाची भाकरी आहे ती. पण काही वर्षांपूर्वी माझ्या हातात भाजलेले कणीस ठेवताना तो सहज बोलून गेला, "सर, त्या वेळी एकदा कुणी घरी येऊन 'चल' म्हटलं असतं ना, तर मी बसलो असतो परीक्षेला." त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले.

वेळ वाया घालवू नये, असे आपण मुलांना सांगतो. पण या मुलाने वेळ वाया घालवला होता का? तो रोज बारा-चौदा तास राबत होता. पै-पैचा हिशेब शिकला, गिऱ्हाईक सांभाळायला शिकला, आईचे औषधपाणी केले. मोकळ्या महिन्यांचे सोने करावे असे जे म्हणतात, ते त्याने अक्षरशः केले. गेली ती फक्त परतीची वाट. म्हणजे मोकळा काळ किती भरला यावरून तो सार्थकी लागला की नाही हे ठरत नाही. मग ते कशावरून ठरते?

या प्रश्नाचा विचार करताना मला नेहमी १९१७ हे साल आठवते. त्या एका सालात महाराष्ट्रातल्या दोन तरुणांच्या शिक्षणात खंड पडला. एकाने तो मागून घेतला, दुसऱ्यावर तो लादला गेला.

पहिला तरुण विनायक नरहर भावे. पुढे विनोबा म्हणून जग त्यांना ओळखू लागले. १९१६ मध्ये ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एक वर्षाची रजा मागितली. तब्येत सुधारायची होती आणि संस्कृतचा अभ्यास करायचा होता. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी ते उपनिषदे, ब्रह्मसूत्रे शिकले. गडकिल्ले आणि खेडी पायी हिंडले. वाईत विद्यार्थ्यांचे मंडळ काढले. त्या मुलांनी लोकांचे दळण दळून मिळालेल्या पैशांतून वाचनालय उभे केले. वर्षभरात काय काय केले त्याचा सविस्तर हिशेब त्यांनी गांधीजींना पत्राने कळवला आणि वर्ष भरले त्या दिवशी ते आश्रमात हजर झाले. नवे शिकण्याची ही सवय पुढेही सुटली नाही. चाळिशीत त्यांनी अरबी शिकून मूळ कुरआन वाचले आणि १९६२ मध्ये त्यांचे 'कुराण-सार' प्रसिद्ध झाले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.

दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. याच मावळात तळेगाव दाभाडे येथे त्यांचा बंगला आहे. १९१७ च्या मध्यावर बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा कोणी दिली नाही. पारशी खाणावळीतून त्यांना अपमानित करून बाहेर काढले गेले. पुढे नोव्हेंबर १९१८ पासून ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, काटकसरीने पैसा साठवला, १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केले आणि त्याच वर्षी स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर पुन्हा लंडन गाठले. पदव्या घेऊनच ते परतले.

दोघांची परिस्थिती जमीन-अस्मानाइतकी वेगळी. एकाला गुरूने प्रेमाने रजा दिली. दुसऱ्याला समाजाने दारात उभे केले नाही. तरीही दोघांच्या त्या काळात एक गोष्ट समान होती. परतीची तारीख. विनोबांनी ती आपल्या शब्दाने बांधून घेतली होती. बाबासाहेबांना लंडनच्या विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी दिली होती. ती चार वर्षांची मुदत त्यांनी कधी नजरेआड होऊ दिली नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याची तारीख मात्र फॉर्मवर छापलेली राहिली. ती कोणाच्याच मनावर नव्हती, त्याच्या नाही, घरच्यांच्या नाही आणि माझ्याही नाही.

मोकळ्या काळाची आणखी एक बाजू आहे, आणि ती शिकायला आपल्याला मावळाबाहेर जावे लागत नाही. कार्ला, भाजे, बेडसे येथील लेणी आपण सहलीला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवतो. ही लेणी मुळात कशासाठी, हे सांगायचे राहून जाते. बौद्ध भिक्खू वर्षभर हिंडत असत. पावसाळ्याचे तीन महिने मात्र त्यांनी एका जागी थांबायचे, असा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात. ओल्या दिवसांत हिंडल्याने कोवळी हिरवळ तुडवली जाते, बारीक जीव पायाखाली मरतात, हे त्यामागचे एक कारण. म्हणजे थांबणे हा आळस नव्हता. आपल्या चालण्याने दुसऱ्याचे नुकसान होऊ नये याची ती काळजी होती. वर्षावास संपताना आणखी एक विधी होई. जमलेल्या सोबत्यांपुढे प्रत्येकाने उकिडवे बसून, माझे काही चुकलेले दिसले-ऐकले असेल तर सांगा, अशी विनंती करायची.

कार्ल्याच्या लेण्यात एक कोरीव लेख आहे. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने एक गाव दान दिल्याचा तो लेख. या ठिकाणी जे कोणी वर्षावासाला राहतील, ते कोणत्याही पंथाचे आणि कोठलेही असोत, त्यांच्या निर्वाहासाठी हे दान आहे, असा त्याचा आशय. आपल्या शब्दांत सांगायचे तर तो एक वक्फच. एका गावाचे उत्पन्न कशासाठी राखून ठेवले? काही माणसांना तीन महिने थांबता यावे यासाठी! थांबलेल्या माणसालाही जेवावे लागते आणि ते कोणीतरी पुरवावे लागते, हे त्या दात्याला समजले होते.

फुरसत आकाशातून पडत नाही. ती कोणीतरी आपल्याला दिलेली असते. विनोबांच्या रजेचा भार आश्रमाने उचलला, लेण्यातल्या भिक्खूंचा शेतकऱ्यांनी. बाबासाहेबांना ती कोणी दिली नाही, म्हणून त्यांना नोकरी करून, कर्ज काढून स्वतःसाठी वेळ विकत घ्यावा लागला. माझ्या विद्यार्थ्याला आईच्या औषधाने ती घेऊ दिली नाही. त्यामुळे मोकळ्या काळाचे काय करावे हा प्रश्न फक्त मुलांना विचारून चालणार नाही. आधी घराला आणि समाजाला विचारले पाहिजे: तुम्ही तो काळ मुलाला दिला आहे का? की तो तुमचाच समजून परस्पर वापरायला काढला आहे?

आपल्या समाजात हा प्रश्न जरा जास्त टोकदार आहे. २००६ मध्ये सच्चर समितीने दाखवून दिले की सहा ते चौदा वयोगटातील पाव हिस्सा मुस्लिम मुले एक तर कधी शाळेत गेलीच नव्हती किंवा मधेच बाहेर पडली होती. आणि विशीच्या पुढच्या मुस्लिमांमध्ये पदवी किंवा पदविका घेतलेले चार टक्क्यांहूनही कमी होते. आकडे आता जुने झाले, थोडीफार सुधारणाही झाली असेल. पण गळती कशी होते ते मी जवळून पाहिले आहे. शिक्षण सोड, असे सहसा कोणी म्हणत नाही. 'थोडे दिवस थांब' असे म्हणतात. मुलगा थांबला की गॅरेज, गाडी, भट्टी त्याला ओढून घेते. मुलगी थांबली की स्थळ येते. दोघांच्याही बाबतीत हेतू वाईट नसतो. भूक खरी असते, बापाची काळजीही खरी असते. तरी परतायचे राहून जाते.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि शेजाऱ्यांना म्हटले, "स्थळाला नाही म्हणू नका. पण मुलीला आपण सहा महिने दिलेत ना? मग ते तिच्याकडेच राहू द्या. जानेवारीनंतर बोलू, असं कळवा. आणि एकदा तिलाही विचारा."

ते गप्प राहिले. आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलगी दाराआड उभी होती. बोलली ती तिची दादी. कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली ती म्हातारी मान वर न करता म्हणाली, "मलाबी असंच म्हनले व्हते. चौथीत व्हते मी. भाताची लावनी होईस्तोवर घरी थांब, मग जा. लावनी झाली, कापनी झाली. पर जा म्हनायला कुनी आलंच नाही."

खोलीत कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने शेजाऱ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचे शेवटचे पान उलटले, नव्या वर्षाचे कॅलेंडर अजून आलेले नव्हते, म्हणून त्या पानाच्या कडेला पेनाने प्रवेशाचा महिना लिहिला आणि खाली सही केली. सही कशाला, असे मी विचारले नाही.

पुढचे सहा महिने आदर्श होते असे सांगितले तर ते खोटे ठरेल. पहिला महिनाभर ती मुलगी नऊपर्यंत झोपत होती आणि मोबाइल पाहत होती. माझ्यातल्या मास्तराला ते सोसेना. एके दिवशी मी बोललोच, "वेळ वाया घालवते आहेस." ती शांतपणे म्हणाली, "चाचा, बारा वर्षं घंटेवर उठले. महिनाभर घंटा नसली तर काय बिघडलं? रिकाम्या वेळाचापण रोज हिशेब द्यायचा का?"

मी निरुत्तर झालो. कारण तिचे खरे होते. प्रत्येक तासातून काही काढायचेच असेल तर ती फुरसत राहत नाही, तीही नोकरीच होते. भाताचे रोप तीन-चार आठवडे वाफ्यात दाटीने उभे असते तेव्हा कोणी त्याला लोंबी कुठे म्हणून विचारत नाही. मात्र लावणी वेळेवर झाली पाहिजे, हे प्रत्येक मावळ्याला कळते. रोप वाफ्यातच जून झाले की पुढे पीक धरत नाही.

ऑगस्टमध्ये तिने आपणहून एक वही केली. ज्या कारणाने तिचा प्रवेश हुकला होता, तेच काम तिने हाती घेतले. आधी धाकट्या भावाचे कागद: शाळेतले नाव, आधारवरचे नाव, रेशनकार्डावरचे नाव, जन्मतारीख. जिथे फरक तिथे लाल खूण. मग शेजारच्या घरातली मुले. दुरुस्ती कोठे होते, कोणता अर्ज, नाव बदलाची नोंद राजपत्रात कशी करायची, हे ती विचारत, हेलपाटे घालत शिकली. डिसेंबरपर्यंत गल्लीतल्या पंधरा-वीस मुलांचे कागद सरळ झाले. दुपारी ती दादीच्या हातात पेन्सिल देत असे. म्हातारी आता स्वतःचे नाव लिहिते; 'शेख'वर मात्रा एकच देते आणि तीच बरोबर, असे ठासून सांगते.

हे सारे करताना आपण 'वेळेचा सदुपयोग' करतो आहोत असे त्या मुलीच्या ध्यानीमनी नसावे. तिला जे खुपले होते ते दुसऱ्याला खुपू नये, एवढेच तिने पाहिले. विनोबांच्या सोबतच्या मुलांनी दळण दळून वाचनालय काढले, तेही याच जातीचे काम. मोकळ्या काळाचे चीज करायचे तर माझ्या मते इतके पुरे: थोडी विश्रांती, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असे एखादे काम, आणि परतीची तारीख. पहिल्या दोन गोष्टी मुलाने सांभाळायच्या. तिसरी मोठ्यांनी सांभाळायची आहे, कारण ती मोडतात तेही बहुधा मोठेच.

जानेवारीत तिचा प्रवेश झाला. त्या दिवशी वडील भट्टीवर गेले नाहीत.

कुरआनातील 'अल्-अस्र' ही अवघ्या तीन आयतींची सूरह काळाच्या शपथेने सुरू होते आणि माणसाच्या तोट्याविषयी बोलते. लहानपणी ती पाठ करताना मला वाटे, वेळ वाया घालवू नकोस असा हा प्रत्येकाला एकेकट्याला दिलेला इशारा आहे. आता माझे लक्ष शेवटाकडे जाते. तोट्यातून सुटणारी माणसे कोण, हे सांगताना तेथे श्रद्धा आणि सत्कर्मे यांच्याबरोबर एकमेकांना सत्याची आणि धीराची आठवण करून देण्याचाही उल्लेख आहे. एकमेकांना! काळाचा तोटा एकट्याने भरून निघत नाही.

त्या जानेवारीतच मी भुशीच्या वाटेवर गेलो. गर्दी नव्हती. गाडीजवळच्या बाकावर बसून मी माझ्या जुन्या विद्यार्थ्याला म्हटले, "तेव्हा मी तुझ्या घरी यायला हवं होतं. आलो नाही, ते चुकलं." तो क्षणभर गोंधळला. मग फडक्याने हात पुसत म्हणाला, "जाऊ द्या सर, झालं ते. माझा पोरगा यंदा दहावीला आहे. निकाल लागला की त्याच्यासाठी या."

मी तारीख लिहून ठेवली.